स्लाइड कोरी आली म्हणजे अँटीजेन नाही? मेलानोमाचा एक जुना पेपर वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रगती-सेमिनारमध्ये मी एक वाक्य अगदी छातीठोकपणे लिहिलं होतं. 'जीपी-१०० हे प्रथिन मेलानोमाच्या पेशींत असतं, प्रौढ माणसाच्या निरोगी त्वचेत नसतं.' शेजारी दोन फोटो होते. एक मेलानोमाचा, रंगाने गच्च भरलेला. दुसरा निरोगी त्वचेचा, कोरा. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "कशाने पाहिलंस?" मी म्हटलं, "एचएमबी-४५ने." त्या म्हणाल्या, "मग वाक्य तसं लिही ना." आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

मला तेव्हा वाटलं, हा नुसता शब्दांचा कीस. एचएमबी-४५ ही अँटीबॉडी जीपी-१००ला चिकटते, निरोगी त्वचेत ती चिकटली नाही, म्हणजे तिथे जीपी-१०० नाही. यात चूक काय? चूक होती, आणि बारीक नव्हती. ती समजायला मला एक जुना पेपर तीनदा वाचावा लागला. आज त्याच पेपरबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी जे एमएस्सीच्या प्रोजेक्टला लागलेत किंवा पीएचडीचं सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना पुढे अशी किमान पन्नास वाक्यं वाचावी लागणार आहेत: 'अमुक अँटीजेन मेलानोमात व्यक्त होतो, सामान्य ऊतींत होत नाही.' ती वाचायची कशी, एवढाच आजचा विषय.

पेपर १९८६चा आहे. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले अॅलन गाउन आणि सहकारी, 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी'. एचएमबी-४५ आणि एचएमबी-५० या दोन मोनोक्लोनल अँटीबॉडी याच पेपरमधून आल्या. आज कुठल्याही मोठ्या पॅथॉलॉजी लॅबच्या फ्रिजमध्ये एचएमबी-४५ची बाटली सापडेल. संशयित गाठ मेलानोमाची आहे का, हे ठरवताना ती अजून वापरतात. म्हणजे पेपर यशस्वी आहे, वादच नाही. माझी तक्रार यशाबद्दल नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना हायब्रिडोमा तोंडपाठ आहे त्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल.

मेलानोमा म्हणजे मेलानोसाइटचा, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याच्या पेशींवर असं काही वेगळं असतं का, की ज्यावरून त्या ओळखता येतील, हा प्रश्न जुना. पूर्वी सशाला किंवा माकडाला ट्यूमर टोचायचा, त्याचं सीरम काढायचं, आणि ते निरोगी ऊतींच्या चुऱ्याशी पुन्हा पुन्हा मिसळून 'नको त्या' अँटीबॉडी काढून टाकायच्या. उरेल ते ट्यूमरपुरतं, असं मानायचं. दर सशागणिक उत्तर बदलायचं. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी मायलोमाच्या पेशींशी जोडून दाखवल्या, आणि एकच अँटीबॉडी वर्षानुवर्षं बनवत राहणारे क्लोन हाती आले. मेलानोमावाल्यांनी ते तंत्र लगेच उचललं, कारण मेलानोमाच्या पेशी प्रयोगशाळेत तुलनेने सहज वाढतात. १९७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधून कोप्रोव्स्कींच्या गटाचा पेपर आला. १९८० मध्ये सिअॅटलच्या हेलस्ट्रॉम दांपत्याच्या गटाने पी-९७ नावाचा अँटीजेन वर्णन केला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमधून सहा वेगवेगळ्या अँटीजेन-प्रणालींची यादी आली. तिथल्याच आर-२४ या अँटीबॉडीचं लक्ष्य तर प्रथिनही नव्हतं, जीडी-३ नावाचा शर्करायुक्त स्निग्ध रेणू होता.

इथे एक गैरसमज आत्ताच दूर करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोनोक्लोनल म्हणजे 'एकजात'. मोनोक्लोनल म्हणजे 'नेमकी' असं नव्हे. अँटीबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही. ती त्यावरचा एक छोटासा आकार ओळखते, पाच-दहा अमिनो आम्लांचा किंवा साखरेच्या एखाद्या फांदीचा. याला एपिटोप म्हणतात. तो आकार दुसऱ्याच एखाद्या रेणूवरही असू शकतो. आणि तेच प्रथिन त्या आकाराशिवायही असू शकतं. माझ्या सेमिनारमधली चूक या दुसऱ्या शक्यतेत होती.

आता हे पेपर वाचताना पहिली गोष्ट बघा: क्लोन निवडले कसे? उंदराला ट्यूमरच्या पेशी टोचल्या की शेकडो क्लोन मिळतात. त्यातले दोन-चार ठेवले जातात, बाकी टाकून दिले जातात. ठेवायचे कुठले हे ठरवणारी चाळणी म्हणजेच खरा प्रयोग. सुरुवातीच्या बहुतेक पेपरांत चाळणी होती कल्चरमधल्या पेशींची. मेलानोमाच्या पेशीरेषांना चिकटतो, फायब्रोब्लास्टला आणि लिम्फोसाइटच्या पेशीरेषांना चिकटत नाही, तो क्लोन ठेवा. पण डिशमध्ये वर्षानुवर्षं वाढलेली पेशी आणि माणसाच्या पायातली गाठ यात फार अंतर आहे. डिशमध्ये काही अँटीजेन नव्याने दिसू लागतात, काही नाहीसे होतात. शिवाय गाठीत नुसत्या मेलानोमाच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्या असतात, मॅक्रोफेज असतात, त्वचेचा बाकी संसार असतो. त्यातलं काहीच चाळणीत नव्हतं.

दुसरी अडचण अगदी घरगुती होती. रुग्णालयात गाठ काढली की ती फॉर्मॅलिनमध्ये जाते आणि मग पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतं, आणि बरेचसे एपिटोप त्या जखडण्यात झाकले जातात. १९९१ मध्ये शी, की आणि कालरा यांनी सेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तापवून एपिटोप पुन्हा उघडे करता येतात हे दाखवलं. त्याआधी बहुतेक अँटीबॉडी फक्त गोठवलेल्या ऊतींवर चालायच्या. म्हणजे कपाटात हजारो ब्लॉक पडलेत आणि हातातली अँटीबॉडी त्यावर निरुपयोगी.

यावर विस्टारच्याच गटाने १९८४ मध्ये एक सरळ उपाय काढला: चाळणीच बदला. क्लोन निवडतानाच ते फॉर्मॅलिनमधल्या ऊतींवर तपासा, जे चालतील तेच ठेवा. मला ही कल्पना फार आवडते. पण ती शिकवणारी आहे दुसऱ्या कारणाने. या वाटेने आलेली एमई-४९१ ही अँटीबॉडी मेलानोमाच्या सुरुवातीच्या टप्प्यांत ठळक दिसायची, म्हणून तिच्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहिलं गेलं. पुढे जीन सापडला आणि कळलं की हे प्रथिन म्हणजे सीडी-६३. लायसोसोमच्या पडद्यावरचं प्रथिन. प्लेटलेटमध्ये आहे, मॅक्रोफेजमध्ये आहे, मास्ट पेशींत आहे, शरीरात जागोजागी आहे. 'मेलानोमाशी संबंधित अँटीजेन' हे नाव खोटं नव्हतं, संबंध होताच. पण चाळणीने विचारलेला प्रश्न होता 'फॉर्मॅलिनमध्ये काय टिकतं आणि इथे काय दिसतं?', आणि आपण उत्तर वाचलं 'मेलानोमात वेगळं काय आहे?' या दुसऱ्या प्रश्नाचं.

हे लक्षात ठेवून गाउन यांच्या पेपरकडे वळू.

पहिली जमेची बाजू: त्यांनी उंदरांना पेशीरेषा टोचली नाही. लिम्फ नोडमध्ये पसरलेल्या, रंगद्रव्याने काळ्या झालेल्या मेलानोमाचा अर्क टोचला. खऱ्या माणसातली खरी गाठ. एचएमबीमधला 'बी' हा 'ब्लॅक'चा, तो इथून आला. दुसरी जमेची बाजू: एचएमबी-४५ रोजच्या पॅराफिन ब्लॉकवर चालते. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: त्यांनी मेलानोमा विरुद्ध बाकी ट्यूमर एवढ्यावर न थांबता मेलानोसाइटच्या वेगवेगळ्या अवस्था तपासल्या. तीळ तपासले, गर्भाची त्वचा तपासली. एचएमबी-४५ प्रौढ त्वचेतल्या मेलानोसाइटना रंगवत नाही, गर्भातल्या मेलानोसाइटना रंगवते. तिळाच्या वरच्या, एपिडर्मिसच्या सीमेवरच्या पेशींना रंगवते, खाली डर्मिसमध्ये उतरलेल्या पेशींना नाही.

थांबा इथे. ही निरीक्षणं पुन्हा वाचा. निरुपद्रवी तीळ रंगतो. निरोगी गर्भ रंगतो. म्हणजे एचएमबी-४५ कॅन्सर ओळखत नाहीये. ती मेलानोसाइटची एक अवस्था ओळखतेय, काहीतरी 'चालू' असल्याची अवस्था, जी मेलानोमात असते आणि इतरत्रही असते. पेपरच्या शीर्षकात हे दोन्ही आहे. पहिल्या अर्धात या अँटीबॉडी मेलानोसाइटच्या ट्यूमरसाठी 'स्पेसिफिक' आहेत असं म्हटलंय, दुसऱ्या अर्धात त्या मेलानोसाइटचे उपगट वेगळे करतात असं. दुसरा अर्धा भाग ही खरी बातमी होती. पण जगाने उचलला तो पहिला. माझी टीका आहे ती एवढीच, आणि ती लेखकांपेक्षा आपल्यावर, म्हणजे वाचणाऱ्यांवर आणि संदर्भ देणाऱ्यांवर जास्त आहे. लेखकांवर थोडीशी आहेच. 'स्पेसिफिक' हा शब्द शीर्षकात घातला की पुढची वीस वर्षं लोक तेवढंच वाचणार, हे कुणालाही कळतं.

'स्पेसिफिक'चा खरा अर्थ असतो: 'आम्ही जेवढ्या गोष्टी तपासल्या त्यात दुसरीकडे दिसलं नाही.' मग तपासलं काय, हा प्रश्न उरतोच. याचं माझं आवडतं उदाहरण दुसऱ्या एका अँटीजेनचं आहे. हाय मॉलिक्युलर वेट मेलानोमा अँटीजेन, आजचं नाव सीएसपीजी-४. निरोगी अवयवांच्या तुकड्यांवर तो फार थोडा दिसतो. पण १९९० मध्ये एका डच गटाने भरत आलेल्या जखमा तपासल्या, आणि तिथल्या नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशींवर तो दिसला. ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांवरही. 'सामान्य ऊती' म्हणून आपण यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असे शांत बसलेले तुकडे घेतो. भरणारी जखम ही सुद्धा सामान्यच ऊती, पण ती कुणाच्या यादीत नसते.

एचएमबी-४५चं पुढे काय झालं ते तर याहून रंगतदार आहे. पेपरला पाच वर्षं होतात न होतात, तोच मेलानोमाशी काही संबंध नसलेल्या गाठींत ती पॉझिटिव्ह दिसू लागली. १९९१ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या पेआ आणि बोनेटी यांच्या गटाने दोन स्वतंत्र पेपर लिहिले. एकात म्हटलं: एचएमबी-४५ निरोगी एपिथेलियमला आणि कार्सिनोमांना रंगवतेय, पण हे खोटं पॉझिटिव्ह आहे. उंदराच्या पोटातल्या पाण्यात, म्हणजे असायटिसमध्ये, तयार केलेल्या अँटीबॉडीने हे होतं. कारण त्या पाण्यात आपल्या क्लोनची अँटीबॉडी असतेच, पण त्या उंदराच्या स्वतःच्या इतर अँटीबॉडीही असतात. बाटलीवर 'मोनोक्लोनल' लिहिलेलं, आत मात्र गर्दी. दुसऱ्या पेपरात म्हटलं: मूत्रपिंडातल्या अँजिओमायोलायपोमा या गाठीत एचएमबी-४५ नेहमी पॉझिटिव्ह येते, आणि हे खरं आहे.

एकाच गटापुढे, एकाच सुमारास, दोन अनपेक्षित निकाल. एक बाटलीतली घाण निघाला. दुसऱ्यातून ट्यूमरचं एक नवं कुटुंबच उभं राहिलं, ज्याला आज पेकोमा म्हणतात. फुप्फुसातला लिम्फअँजिओलिओमायोमॅटोसिस हा आजारही त्याच घरातला. एचएमबी-४५ची 'चूक' आज त्या आजारांच्या निदानाचा आधार आहे.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर? खरं सांगते, मी असते तर दोन्ही निकाल एकाच पारड्यात टाकले असते. एक तर दोन्ही 'बॅकग्राउंड' म्हणून सोडून दिले असते, नाहीतर दोन्हींवर उत्साहाने पेपर लिहिला असता. त्यांनी काय केलं? पहिल्या बाबतीत तीच अँटीबॉडी वेगळ्या रूपात वापरून पाहिली. असायटिसऐवजी पेशींच्या कल्चरमधून घेतलेली. एपिथेलियमचा रंग गेला. एपिटोप खरंच तिथे असता तर बाटली बदलून तो जाण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या बाबतीत रंग टिकला, आणि एकाच प्रकारच्या गाठीत, एकाच प्रकारच्या पेशींत पुन्हा पुन्हा दिसला. माझ्या दृष्टीने मेलानोमा अँटीजेनच्या साहित्यातली ही सगळ्यात शिकण्यासारखी जोडी आहे. अभ्यासक्रमात मात्र कुठेच नाही.

आता माझ्या सेमिनारमधल्या वाक्याकडे येते. एचएमबी-४५ ज्याला चिकटते त्या जीपी-१००चा जीन १९९४ मध्ये नीट ओळखला गेला. एचएमबी-४५, एचएमबी-५० आणि नेदरलँड्समधून आलेली एनकेआय-बीटेब या तिन्ही अँटीबॉडींचं लक्ष्य तेच. हे प्रथिन मेलानोसोममध्ये, म्हणजे मेलानिन साठवणाऱ्या छोट्या पिशव्यांमध्ये, धागे विणण्याचं काम करतं. त्या धाग्यांवर मेलानिन बसतं. गाउन यांच्याच गटाने १९९२ मध्ये दाखवलं होतं की एचएमबी-४५चा एपिटोप नुसत्या प्रथिनाचा नाही, त्यावरच्या सियालिक आम्लाच्या साखरेवर तो अवलंबून आहे. सियालिडेज एन्झाइमने ती साखर छाटली की रंग जातो. आणि हा एपिटोप दिसतो तो अपक्व मेलानोसोममध्ये. मेलानिन चढत गेलं की तो दिसेनासा होतो.

प्रौढ त्वचेतल्या शांत मेलानोसाइटमध्ये बहुतेक मेलानोसोम पक्व. म्हणून एचएमबी-४५ कोरी. पण जीपी-१०० तिथे आहे! एनकेआय-बीटेब लावा, त्याच त्वचेतले मेलानोसाइट रंगतात. कोडाच्या संशोधनात निरोगी मेलानोसाइट शोधायला ती अँटीबॉडी वापरलीच जाते. मी पाहिलं होतं एक एपिटोप नसणं, आणि लिहिलं होतं प्रथिन नसणं.

हा फरक निव्वळ व्हायवातला प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या गटाने मेलानोमाच्या रुग्णांना त्यांच्याच टी-पेशी परत दिल्या. त्या पेशींत जीपी-१०० किंवा मार्ट-१ ओळखणारा रिसेप्टर बसवलेला होता. काही रुग्णांच्या गाठी आकसल्या. पण त्या टी-पेशींनी त्वचेतल्या, डोळ्यातल्या आणि आतल्या कानातल्या निरोगी मेलानोसाइटवरही हल्ला केला. डोळ्यांत दाह, ऐकू कमी येणं, त्यासाठी स्थानिक स्टेरॉइड. टी-पेशी जीपी-१००चा एक तुकडा ओळखते. मेलानोसोम पक्व आहे की अपक्व, साखर आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्या गटाला हे प्रथिन निरोगी मेलानोसाइटमध्ये असतं हे ठाऊक होतं, त्यांनी माझ्यासारखं गृहीत धरलं नव्हतं. पण माझ्या सेमिनारमधल्या वाक्यावर विसंबून कुणी असा उपचार आखला असता, तर कानाची तपासणी कशाला करायची, असाच प्रश्न त्याला पडला असता. त्या मॅडम शब्दांचा कीस काढत नव्हत्या.

उलट दिशेची चूकही होते. मार्ट-१, म्हणजेच मेलान-ए, यासाठी दोन प्रसिद्ध क्लोन आहेत: ए-१०३ आणि एम२-७सी१०. दोन्ही मेलानोमा छान रंगवतात. पण ए-१०३ अॅड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या ट्यूमरनाही रंगवते आणि वृषणातल्या लेडिग पेशींनाही. एम२-७सी१० तसं करत नाही. स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशींत बहुधा दुसराच एखादा रेणू ए-१०३ला फसवतोय. पॅथॉलॉजिस्टनी याचाही उपयोग करून घेतला, अॅड्रिनलच्या गाठी ओळखायला. पण तुमच्या पेपरमध्ये नुसतं 'मेलान-ए पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल आणि क्लोनचं नाव नसेल, तर त्या वाक्याला अर्थ किती उरतो ते तुम्हीच ठरवा.

या सगळ्यांत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला पेपर मात्र एचएमबीच्याही आधीचा आहे. पी-९७बद्दल पहिल्या पेपरात 'निरोगी पेशींत आढळला नाही' अशा धर्तीची भाषा होती. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्याच गटाने पी-९७ मोजला. आहे-नाही असं न विचारता किती आहे असं विचारलं. एकाच रेणूवरच्या दोन वेगळ्या एपिटोपना चिकटणाऱ्या दोन अँटीबॉडी घेतल्या. एकीने पकडायचं, दुसरीने मोजायचं. दोघींना एकाच वेळी फसवणं अवघड. निकाल आला: पी-९७ निरोगी प्रौढ ऊतींतही आहे, पण अगदी थोडा. मेलानोमात पुष्कळ. म्हणजे स्वतःचीच वर्षभरापूर्वीची भाषा त्यांनी स्वतः दुरुस्त केली. पी-९७ लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनचा नातेवाईक आहे हे १९८२ मध्ये कळलं, आणि मग निरोगी पेशीत तो थोडासा असण्यात नवल राहिलं नाही. असे पेपर कमी उद्धृत होतात. 'थोडा आहे' या वाक्याला 'नाही' या वाक्याइतकी चमक नसते.

आता थोडं बेंचवरचं. मेलानोमाच्या स्लाइड तुम्ही स्वतः केल्यात तर एक त्रास पहिल्याच दिवशी भेटेल. पेरॉक्सिडेज पद्धतीत नेहमीचा रंग डॅब, तो तपकिरी. मेलानिनही तपकिरी. आपल्याकडे मेलानोमा मुळात कमी, आणि जो येतो त्यात तळव्याचा, नखाखालचा आणि श्लेष्मल त्वचेचा वाटा मोठा. भोवतालची त्वचाही सावळी. माझ्या पहिल्या बॅचमधल्या निम्म्या स्लाइडवर मला रंग दिसत होता की रंगद्रव्य, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या फेकून दिल्या. आता लाल रंग देणारा क्रोमोजेन वापरते. अझुर-बीची पार्श्वरंगाई केली तर मेलानिन हिरवट दिसतं, तोही एक मार्ग आहे. आणि प्रत्येक ब्लॉकची एक स्लाइड प्राथमिक अँटीबॉडीशिवाय करते. खरं तर तेवढंही पुरत नाही. त्याच वर्गाची, त्याच प्रमाणात घेतलेली, पण असंबद्ध अशी उंदराची अँटीबॉडी लावलेली स्लाइड हवी, म्हणजे नुसत्या उंदराच्या इम्युनोग्लोब्युलिनला काय चिकटतं ते कळतं. पेपरमध्ये 'निगेटिव्ह कंट्रोल' असं लिहिलेलं असेल तर यातला कुठला, ते मेथड्समध्ये जाऊन बघा. पुष्कळदा पहिला असतो.

आणि कोऱ्या स्लाइडवरून 'मेलानोमा नाही' असंही म्हणू नका. डेस्मोप्लास्टिक मेलानोमा हा प्रकार एचएमबी-४५ला बहुधा दादच देत नाही. तिथे एस-१०० किंवा सॉक्स-१० लावतात, आणि ते दोन्ही पुन्हा नर्व्हच्या पेशींनाही रंगवतात. म्हणून निदान करणारे लोक एका अँटीबॉडीवर विसंबत नाहीत, तीन-चार एकत्र लावतात. संशोधनाच्या पेपरांत मात्र एकाच अँटीबॉडीवर सरळ निष्कर्ष काढलेला पाहिलाय, तोही चांगल्या जर्नलांत.

मी आता माझ्या प्रबंधातल्या मोठ्या तक्त्यात दोन रकाने वाढवलेत. आधी होतं: अँटीजेन, ऊती, निकाल, संदर्भ. आता अँटीजेनच्या शेजारी क्लोन, आणि ऊतीच्या शेजारी फॉर्मॅलिन की गोठवलेली. तक्ता आडवा इतका वाढला की पान फिरवून छापावं लागणार. गाइडना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हे आधी का नव्हतं?" मी काही बोलले नाही. अजून काही ओळी रिकाम्या आहेत, कारण त्या पेपरांत क्लोनचं नावच नाही, फक्त कंपनीचं आहे. लेखकांना मेल केलेत. एकाचं उत्तर आलं, त्यांनाही जुनी वही शोधावी लागणार आहे.